सहा हप्ते आणि मग शून्य: अमेरिकेतल्या चाइल्ड टॅक्स क्रेडिटचं प्रकरण

२०२१ च्या जुलैपासून डिसेंबरपर्यंत अमेरिकन सरकारने अशी एक गोष्ट केली जी त्या देशात त्याआधी कधी झाली नव्हती. मुलं असलेल्या बहुतेक घरांच्या बँक खात्यात दर महिन्याला पैसे टाकले, आईबाप नोकरी करतात का घरी आहेत हे न विचारता. सहा हप्ते गेले आणि बंद. त्या वर्षी गरिबीत राहणाऱ्या मुलांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवर आलं, हा आकडा मोजायला लागल्यापासूनचं सगळ्यात कमी, आणि पुढच्याच वर्षी ते १२.४ टक्के झालं.

फसलेली योजना बंद पडली तर त्यात सांगण्यासारखं फारसं काही नसतं. ही योजना ज्या कामासाठी आणली ते काम तिने केलं, वेळेत केलं, आणि तरी गेली. का गेली याची उत्तरं लोक देतात ती बहुतेक एका सिनेटरच्या नावापाशी थांबतात. मला ते पुरेसं वाटत नाही. माझ्या मते ती गेली कारण अमेरिकेत गेली साठ वर्षं एक प्रश्न तुंबून राहिलाय, की गरीब घरातल्या मुलाला मिळणारी मदत त्या मुलाची की आईबापाच्या कष्टाची, आणि हा प्रश्न समोरासमोर सोडवायच्या ऐवजी योजनेच्या कर्त्यांनी तो टॅक्सच्या फॉर्ममध्ये झाकून पुढे जायचा प्रयत्न केला.

आधी हे क्रेडिट म्हणजे नक्की काय ते बघू, सगळी मेख तिथेच आहे. टॅक्स क्रेडिट म्हणजे तुमचा जो इन्कम टॅक्स निघतो त्यातून तेवढी रक्कम सरळ वजा. टॅक्स ५,००० डॉलर निघाला आणि क्रेडिट २,००० चं असेल तर भरायचे ३,०००. आता ज्याची कमाई इतकी कमी की टॅक्सच निघत नाही त्याचं काय? क्रेडिट रिफंडेबल असेल तर उरलेली रक्कम सरकार हातात देतं, नसेल तर काही मिळत नाही. २०१७ च्या ट्रम्प यांच्या टॅक्स कायद्यानंतर एका मुलामागे २,००० डॉलर असा हिशोब होता, पण त्यातले जास्तीत जास्त १,४०० रिफंडेबल, आणि तेही वर्षाच्या कमाईतले पहिले २,५०० डॉलर सोडून वरच्या रकमेच्या १५ टक्के या दराने.

हे कागदावर कळत नाही, म्हणून एक घर घ्या. आई एकटी, मुलं दोन, धाकटं तीन वर्षांचं, थोरलं आठ वर्षांचं, आणि मिळेल तेव्हा मिळेल ते काम करून ती वर्षाला १०,००० डॉलर कमावते. १०,००० वजा २,५०० म्हणजे ७,५००, त्याचे १५ टक्के म्हणजे १,१२५. दोन्ही मुलांचे मिळून वर्षाला १,१२५ डॉलर. त्याच शहरात नवरा-बायको मिळून ३,९०,००० डॉलर कमावणारं दुसरं घर, मुलं तेवढीच, त्यांना पूर्ण ४,००० डॉलर, कारण जोडप्यासाठी वरची मर्यादा ४,००,००० होती. आणि जिथे कमाई शून्य, आई आजारी आहे किंवा आजी नातवंडांना सांभाळतेय आणि तिचं घर सोशल सिक्युरिटीच्या पेन्शनवर चाललंय, तिथे काहीच नाही, कारण पेन्शन ही या हिशोबात कमाई धरत नाहीत. म्हणजे ज्या घराला सगळ्यात जास्त गरज त्याला सगळ्यात कमी, हे चुकून झालेलं नाही, कायदाच तसा लिहिलेला आहे. घरची कमाई कमी म्हणून पूर्ण क्रेडिट न मिळणारी मुलं देशात साधारण २ कोटी ७० लाख होती, आणि कृष्णवर्णीय आणि लॅटिनो मुलांमधली जवळपास निम्मी त्यात येत होती.

२०२१ च्या कायद्याने एका वर्षापुरती ही कमाईची अट काढली आणि रक्कम वाढवली. सहा वर्षांखालच्या मुलामागे ३,६०० डॉलर, सहा ते सतरा वर्षांच्या मुलामागे ३,०००. त्या आईचे १,१२५ चे ६,६०० झाले. त्यातले अर्धे पुढच्या वर्षी रिटर्न भरताना आणि अर्धे जुलैपासून महिन्याच्या महिन्याला, ३०० आणि २५० मिळून ५५० डॉलर. ज्या घरात महिनाअखेरीला गाडीचा हप्ता भरायचा का विजेचं बिल असा विचार करावा लागतो तिथे दर पंधरा तारखेला ठरलेले ५५० डॉलर येणं म्हणजे काय हे वेगळं सांगायला नको.

आता हे क्रेडिट आलं कुठून? १९९१ मध्ये मुलांच्या प्रश्नावर नेमलेल्या एका राष्ट्रीय आयोगाने शिफारस केली होती की प्रत्येक मुलामागे १,००० डॉलरचं क्रेडिट द्या आणि ते पूर्ण रिफंडेबल ठेवा, म्हणजे गरिबातल्या गरिबालाही मिळेल. त्या आयोगाचे अध्यक्ष होते सिनेटर जे रॉकफेलर, वेस्ट व्हर्जिनियाचे. हे राज्य लक्षात ठेवा. पण प्रत्यक्षात क्रेडिट कायद्यात आणलं ते रिपब्लिकनांच्या रेट्याने. १९९४ च्या निवडणुकीत न्यूट गिंग्रिच यांनी जो जाहीरनामा काढला त्यात मुलामागे ५०० डॉलरची टॅक्स सूट होती, आणि १९९७ मध्ये क्लिंटन यांनी त्या कायद्यावर सही केली, १९९८ साठी ४०० डॉलर आणि नंतर ५००. ते बहुतांशी रिफंडेबल नव्हतं, म्हणजे मुळात टॅक्स भरणाऱ्या मध्यमवर्गासाठी होतं. पुढे बुश यांच्या काळात रक्कम १,००० झाली आणि थोडा भाग रिफंडेबल झाला. तर एका बाजूच्या डोक्यात हा मुलांचा भत्ता होता आणि दुसऱ्या बाजूच्या डोक्यात टॅक्स भरणाऱ्या कुटुंबाचे त्याचेच पैसे परत, आणि दोघंही एकाच नावाखाली एकाच कलमाला मतं देत राहिले. जोपर्यंत रक्कम लहान होती तोपर्यंत हे चाललं.

याच्या मागे अजून एक जुनी गोष्ट आहे आणि ती माहीत नसेल तर २०२१ चं भांडण कळत नाही. १९३५ च्या सोशल सिक्युरिटी कायद्यात ज्यांना बापाचा आधार नाही अशा मुलांसाठी एक मदत ठेवलेली होती, डोळ्यासमोर होत्या त्या प्रामुख्याने गोऱ्या विधवा. दक्षिणेतल्या राज्यांनी कृष्णवर्णीय आयांना निरनिराळ्या कारणांनी त्यातून बाहेर ठेवलं. १९६० च्या दशकात हक्कांच्या चळवळीमुळे आणि कोर्टाच्या निकालांमुळे त्या आत आल्या, लग्न न झालेल्या आयांची संख्या वाढली, आणि त्याच सुमाराला या मदतीबद्दलचा लोकांचा सूर बदलला. १९७६ च्या प्रचारात रेगन शिकागोच्या एका बाईची गोष्ट सांगत फिरले जी खोट्या नावांनी सरकारी पैसे घेते, आणि तेव्हापासून वेल्फेअर हा शब्दच शिवीसारखा झाला. यात वंशाचा भाग नव्हता असं म्हणणाऱ्यांशी मी वाद घालायला तयार आहे.

तरी रिपब्लिकन बाजूला वेगळे विचारही होते हे विसरून चालणार नाही. मिल्टन फ्रीडमन, म्हणजे मुक्त बाजारपेठेचे सगळ्यात मोठे पुरस्कर्ते, १९६२ पासून सांगत होते की सरकारी खात्यांचं जंजाळ बंद करा आणि गरिबाला सरळ रोख द्या, त्यांनी त्याला निगेटिव्ह इन्कम टॅक्स म्हटलं. निक्सन यांनी १९६९ मध्ये मुलं असलेल्या प्रत्येक गरीब कुटुंबाला किमान उत्पन्नाची हमी द्यायचा प्रस्ताव आणला, हाउसने, म्हणजे काँग्रेसच्या खालच्या सभागृहाने, तो १९७० मध्ये मंजूरही केला, आणि सिनेटच्या अर्थ समितीत तो मेला. उजव्यांना तो फार उदार वाटला, डाव्यांना फार तुटपुंजा.

मग १९९६. क्लिंटन आणि रिपब्लिकन काँग्रेसने मिळून जुनी मदत मोडीत काढली आणि तिच्या जागी टॅनफ नावाचा कार्यक्रम आणला: पैसे राज्यांना ठोक रकमेने, कामाची अट, आयुष्यात एकूण पाच वर्षांची मर्यादा. ठोक रक्कम ठरली वर्षाला साधारण १६.५ अब्ज डॉलर आणि ती तेव्हापासून महागाईप्रमाणे वाढवलेलीच नाही, तुम्हीच विचार करा इतक्या वर्षांत तिचं काय उरलं असेल. १९९६ मध्ये मुलं असलेल्या दर १०० गरीब कुटुंबांपैकी ६८ कुटुंबांना ही रोख मदत मिळत होती, २०२० मध्ये २१. दोन्ही पक्षांचे लोक पुढची पंचवीस वर्षं हे यश म्हणून सांगत होते. नव्वदच्या दशकात एकट्या आयांच्या नोकऱ्या खरोखर वाढल्या, हेही खरं आहे, पण तेव्हा अर्थव्यवस्था जोरात होती आणि कमी पगारावर काम करणाऱ्यांना मिळणारं दुसरं क्रेडिट वाढवलं होतं, श्रेय कशाला किती यावर अर्थतज्ज्ञ अजून भांडतात.

तर २०२१ ला येऊ. कोविड चालू, बायडन नवे, सिनेट ५०-५०. ११ मार्चला १.९ ट्रिलियन डॉलरच्या अमेरिकन रेस्क्यू प्लॅनवर, म्हणजे हे क्रेडिट वाढवणाऱ्या कोविड मदतीच्या कायद्यावर, सही झाली, सिनेटमध्ये ५० विरुद्ध ४९, एकाही रिपब्लिकनचं मत नाही. कनेटिकटच्या रोझा डीलोरो, कोलोरॅडोचे मायकेल बेनेट, ओहायोचे शेरॉड ब्राउन ही डेमोक्रॅट मंडळी वर्षानुवर्षं या क्रेडिटच्या मागे लागलेली होती, त्यांना शेवटी संधी मिळाली, पण फक्त एका वर्षाची. कारण साधं होतं, खर्च. एका वर्षाला शंभर अब्ज डॉलरच्या वर, दहा वर्षांचा आकडा दीड ट्रिलियनच्या पुढे. तेव्हा बेत असा की एक वर्षापुरतं चालू करा, लोकांच्या हातात एकदा पैसे पडले की ते काढून घ्यायची कुणाची हिंमत होणार नाही. मला हा बेत तेव्हाही धाडसाचा वाटला होता. लोकांना एखादी गोष्ट आपली वाटायला सहा महिने पुरत नाहीत, सोशल सिक्युरिटीला सुद्धा लोकांच्या मनात घर करायला बरीच वर्षं लागली.

अंमलबजावणीचं काम दिलं टॅक्स गोळा करणाऱ्या खात्याला, आयआरएसला. या खात्याला पैसे घ्यायची सवय, दर महिन्याला वाटायची नाही, माणसं कमी, कॉम्प्युटर जुने. तरी चार महिन्यांत त्यांनी ते उभं केलं. १५ जुलैला पहिला हप्ता गेला, साधारण साडेतीन कोटी कुटुंबं, सुमारे सहा कोटी मुलं, १५ अब्ज डॉलरच्या आसपास रक्कम. ज्यांचे रिटर्न आधीपासून फाइल होते त्यांना काहीच करावं लागलं नाही. अडचण होती ती जे रिटर्न भरतच नाहीत त्यांची, कारण कमाई इतकी कमी की भरायची गरजच नसते, आणि नेमकी हीच घरं सगळ्यात गरीब. त्यांच्यासाठी एक ऑनलाइन पोर्टल काढलं, ते सुरुवातीला मोबाइलवर धड चालत नव्हतं, नंतर एका संस्थेच्या मदतीने सोपा फॉर्म आला, पण तोवर सप्टेंबर उजाडला होता. सगळ्यात गरजू घरांतली बरीचशी शेवटपर्यंत सुटलीच.

इथे आपल्या लोकांचाही संबंध येतो. एच-वन-बी व्हिसावर असलेली, इथे टॅक्स भरणारी किती तरी मराठी घरं न्यू जर्सीत, टेक्ससमध्ये, कॅलिफोर्नियात आहेत. मुलाला कामासाठी वैध असा सोशल सिक्युरिटी नंबर हवा ही अट २०१७ च्या कायद्यापासून आहे आणि २०२१ मध्येही होती. म्हणजे एकाच घरात पुण्यात जन्मलेला थोरला मुलगा आईबापाबरोबर एच-फोर व्हिसावर आलेला, त्याच्याकडे नुसता टॅक्ससाठीचा आयटिन नंबर, आणि इथे जन्मलेली धाकटी मुलगी अमेरिकन नागरिक. उत्पन्न मर्यादेत असेल तर मुलीचे महिन्याला ३०० डॉलर, मुलाचे काही नाही, रिटर्नमध्ये फार तर ५०० डॉलरचं वेगळं लहान क्रेडिट. चांगल्या पगाराच्या घराला त्याने फरक पडत नसेल. पण ज्या स्थलांतरित घरांत आईबाप शेतात किंवा हॉटेलच्या किचनमध्ये राबतात तिथे याच अटीने मुलं बाहेर राहिली.

परिणाम काय झाला? पहिली गोष्ट, कुठला आकडा बघायचा. अमेरिकेत गरिबी मोजायच्या दोन पद्धती आहेत. जुन्या अधिकृत पद्धतीत फक्त टॅक्सआधीची रोख कमाई धरतात, त्यात क्रेडिट येतच नाही, म्हणून तिथे २०२१ चा आकडा १५ टक्क्यांच्या आसपास राहिला आणि काही लोक म्हणाले बघा काही बदललं नाही. दुसरी, पूरक पद्धत क्रेडिट, फूड स्टॅम्प (किराण्यासाठीची सरकारी मदत), घरभाड्याची मदत, टॅक्स, उपचारांचा खर्च सगळं धरते, आणि घरात प्रत्यक्ष काय येतं ते बघायचं तर तीच बघायला हवी. तिच्यात २०२० चे ९.७ टक्के २०२१ मध्ये ५.२ झाले. सेन्सस ब्युरोच्या हिशोबाने चाइल्ड टॅक्स क्रेडिटमुळे २९ लाख मुलं त्या वर्षी दारिद्र्यरेषेच्या वर आली. सगळं श्रेय त्याला देणं बरोबर नाही, त्या वर्षी प्रत्येकी १,४०० डॉलरचे चेकही गेले होते, पण क्रेडिटचा वाटा मोठा होता. पहिल्या हप्त्यानंतर सेन्ससच्या सर्व्हेत मुलं असलेल्या घरांत पोटभर खायला नाही असं सांगणारे जाणवण्याइतके कमी झाले. पैसे कशावर गेले तर किराणा, मुलांचे कपडे, शाळेचं सामान, भाडं, विजेचं बिल. जानेवारी २०२२ मध्ये हप्ता आला नाही, आणि कोलंबिया विद्यापीठाच्या अभ्यासकांनी महिन्याचा अंदाज काढला (हा हिशोब वर्षाच्या आकड्यापेक्षा वेगळा, त्यात फक्त त्या महिन्यात हातात आलेले पैसे धरतात) तो असा: डिसेंबरला १२.१ टक्के मुलं गरिबीत, जानेवारीला १७. एका महिन्यात ३७ लाख मुलं.

विरोधकांचा मुख्य मुद्दा काम सोडण्याचा होता आणि तो मी हसण्यावारी नेणार नाही. जुन्या क्रेडिटमध्ये कमाई वाढली की रक्कम वाढायची, ते बक्षीस गेलं तर काही आईबाप नोकरी सोडतील असा तर्क. शिकागो विद्यापीठाच्या काही अर्थतज्ज्ञांनी २०२१ मध्येच अंदाज दिला की योजना कायमची केली तर सुमारे १५ लाख आईबाप नोकरीतून बाहेर पडतील आणि गरिबी कमी होण्याचा बराच फायदा त्यात वाहून जाईल. प्रत्यक्ष त्या सहा महिन्यांचे अभ्यास झाले त्यात नोकऱ्यांवर मोजता येईल असा परिणाम सापडला नाही. पण सहा महिने येणारे पैसे आणि कायम येणारे पैसे यांत माणूस वेगळं वागू शकतो, त्यामुळे ते अंदाज खोटे ठरले असंही म्हणता येत नाही. मला त्यातलं खटकतं ते दुसरं. तान्हं मूल असलेल्या आईने दोन शिफ्टऐवजी एक केली तर ते नुकसानच धरायचं हे कुणी ठरवलं? श्रीमंत घरातली आई मुलासाठी घरी थांबली तर कुटुंबवादी लोक तिचं कौतुक करतात, मग गरीब घरातल्या आईने तेच केलं की ती आळशी कशी होते?

हा विरोधाभास उजव्यांमधल्या काहींनाही दिसत होता. रिपब्लिकन सिनेटर मिट रॉमनी यांनी फेब्रुवारी २०२१ मध्ये, म्हणजे बायडन यांच्या कायद्याच्याही आधी, स्वतःची योजना मांडली: लहान मुलाला महिन्याला ३५० डॉलर, मोठ्याला २५०, बाळंतपणाच्या तारखेच्या चार महिने आधीपासून सुरू, कमाईची अट नाही, आणि वाटपाचं काम आयआरएसऐवजी सोशल सिक्युरिटीच्या खात्याकडे. पैसे उभे करायला टॅनफ आणि काही टॅक्स सवलती बंद. वाटपासाठी सोशल सिक्युरिटीचं खातं निवडणं हे मला डेमोक्रॅट्सच्या रचनेपेक्षा सरस वाटतं, त्या खात्याला दर महिन्याला कोट्यवधी लोकांना पैसे पाठवायची ऐंशी वर्षांची सवय आहे. पण मार्को रुबिओ आणि माइक ली यांनी लगेच म्हटलं की याला टॅक्स सूट म्हणता येणार नाही, हे वेल्फेअर झालं, आणि पक्षात रॉमनी एकटे पडले. २०२२ मध्ये त्यांनी योजना पुन्हा आणली तेव्हा पूर्ण रकमेसाठी आदल्या वर्षी १०,००० डॉलर कमाईची अट त्यात आली होती, आणि तेव्हा कुठे दोन रिपब्लिकन सिनेटर सोबत आले.

आता जो मॅन्चिन, डेमोक्रॅट, वेस्ट व्हर्जिनिया. रॉकफेलर यांचंच राज्य. मार्चमध्ये त्यांनी रेस्क्यू प्लॅनला मत दिलं होतं. सप्टेंबरपासून ते जाहीरपणे म्हणायला लागले की मुलांना मदत हवी पण आईबापांनी काही हातपाय हलवायला नकोत का, आणि चांगली कमाई असणाऱ्यांना का द्यायची. १९ नोव्हेंबरला हाउसने बिल्ड बॅक बेटर हे बायडन यांचं मोठं खर्चाचं विधेयक मंजूर केलं, त्यात मोठी रक्कम अजून एक वर्ष आणि पूर्ण रिफंड कायमचा असं होतं. १९ डिसेंबरला, रविवारी सकाळी फॉक्स न्यूजवर मॅन्चिन यांनी सांगितलं की आपण याला मत देणार नाही. ५०-५० च्या सिनेटमध्ये तिथेच विषय संपला.

त्यांचे मुद्दे सगळे पोकळ नव्हते. महागाई तेव्हा ७ टक्क्यांवर होती. आणि एकेक वर्षाच्या योजना लावून खर्च कमी दाखवायचा, मनात मात्र त्या कायम चालवायच्या, ही हिशोबाची लबाडी आहे हा त्यांचा आक्षेप खराच होता, त्याच महिन्यात काँग्रेसच्या बजेट ऑफिसने दाखवलं होतं की सगळं कायम चालवलं तर तूट तीन ट्रिलियन डॉलरने वाढेल. पण क्रेडिटच्या बाबतीत त्यांचं राज्य बघा. देशातल्या सगळ्यात गरीब राज्यांपैकी एक, कोळशाच्या खाणी बंद पडत गेलेल्या, अफूजन्य औषधांच्या व्यसनाने घरंच्या घरं मोडलेली, नातवंडं सांभाळणारे आजी-आजोबा जागोजागी. तिथली ९० टक्क्यांहून जास्त मुलं या क्रेडिटला पात्र होती. खाण कामगारांच्या युनियनने दुसऱ्याच दिवशी पत्रक काढून त्यांना फेरविचार करायला सांगितलं, त्यांना काळजी होती ती त्याच विधेयकातल्या खाणकामगारांच्या फुप्फुसाच्या आजाराच्या निधीची. त्याच राज्यातल्या ६८ टक्क्यांहून जास्त मतदारांनी २०२० मध्ये ट्रम्प यांना मत दिलं होतं. मॅन्चिन यांना आपल्या मतदारांचं मन कळत नव्हतं असं मी म्हणणार नाही, कदाचित नको तितकं कळत होतं. शेजारचा काम न करता पैसे घेतो ही चीड गरीब भागातच सगळ्यात जास्त असते, कारण शेजारी दिसतो, टॅक्स वाचवणारा अब्जाधीश दिसत नाही.

आणि मला सगळ्यात जास्त लागलं ते हे, की कुणी रस्त्यावर उतरलं नाही. सहा कोटी मुलांचे पैसे थांबले आणि गदारोळ झाला नाही. कायम ठेवावं का यावरच्या सर्व्हेत कौल काठावरचा होता. याची कारणं रचनेतच होती. अर्धी रक्कम रिटर्नबरोबर द्यायची ठरल्यामुळे फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये घरांना मोठा रिफंड आला, आणि महिन्याचं थांबल्याची कळ तिथे बोथट झाली. बऱ्याच लोकांना पैसे कोविडचेच वाटत होते, संकट सरलं की जाणारच. काहींना वाटत होतं की आपलेच पुढच्या वर्षीचे रिफंड आधी येतायत आणि नंतर परत द्यावे लागतील, आणि ही भीती अगदीच निराधार नव्हती, उत्पन्न वाढलेल्या काही घरांना खरंच परत द्यावे लागले. शिवाय दोन वर्षांत वस्तू इतक्या महागल्या की ३०० डॉलरचं कौतुक दुकानाच्या काउंटरवरच संपलं. टॅक्सच्या फॉर्ममधून दिलं की ते वेल्फेअर वाटणार नाही ही डेमोक्रॅट्सची हुशारी होती, पण त्यातच ते कुणाचं काहीच वाटलं नाही.

गरिबीतल्या मुलांचं प्रमाण २०२२ मध्ये १२.४ टक्के, मग २०२३ मध्ये १३.७. मध्ये जानेवारी २०२४ ला हाउसने ३५७ विरुद्ध ७० अशा दणदणीत मतांनी एक लहानशी वाढ मंजूर केली, कंपन्यांच्या टॅक्स सवलतींबरोबर बांधून, आणि ऑगस्टमध्ये सिनेटमध्ये ती ४८-४४ वर अडकली, ६० मतं लागतात. तिथल्या रिपब्लिकनांचा एक आक्षेप असा की एखाद्या वर्षी कमाई नसेल तर आदल्या वर्षीची कमाई दाखवून क्रेडिट घेता येईल ही सोय कामाची ओढ कमी करते. म्हणजे एक वर्ष नोकरी गेलेल्या आईबापालाही सूट नको. ४ जुलै २०२५ ला ट्रम्प यांनी सही केलेल्या मोठ्या कायद्यात क्रेडिट २,२०० झालं, पण रिफंडची मर्यादा १,७०० आणि कमाईची अट जशीच्या तशी, वर आता आईबापांपैकी निदान एकाकडे सोशल सिक्युरिटी नंबर हवा. वरच्या हिशोबातली १०,००० डॉलर कमावणारी आई पुन्हा १,१२५ वर. रक्कम वाढली ती फक्त तिच्या वरच्यांची. त्याच कायद्याने मेडिकेडला, म्हणजे गरिबांच्या सरकारी आरोग्यविम्याला, बऱ्याच प्रौढांसाठी महिन्याला ८० तासांच्या कामाची अट लावली आणि फूड स्टॅम्पमध्ये चौदा वर्षांच्या पुढची मुलं असलेल्या आईबापांनाही कामाच्या अटीखाली आणलं. आणि २०२५ ते २०२८ मध्ये जन्मणाऱ्या बाळांच्या नावाने १,००० डॉलरचं गुंतवणूक खातं, जे मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत हात लावता येणार नाही. या खात्याला कमाईची अट नाही, हे नोंदवण्यासारखं आहे. बाळाला पैसे द्यायला कुणाचीच ना नाही, आज दूध आणायला आईच्या हातात द्यायला आहे.

रोख पैशाने सगळं बदलतं असा माझा दावा नाही. चार शहरांत एक हजार आयांवर एक मोठा प्रयोग झाला, काहींना महिन्याला ३३३ डॉलर, काहींना नुसते २०, आणि चार वर्षांनी मुलांच्या भाषेत किंवा बौद्धिक वाढीत लक्षणीय फरक दिसला नाही. विरोधक तो अभ्यास सगळीकडे दाखवतात. पण भाडं भरलं जाणं आणि फ्रिज भरलेला असणं याला मुलाच्या परीक्षेच्या मार्कांचा टेकू का लागावा? म्हाताऱ्यांना पेन्शन देताना त्यांची स्मरणशक्ती वाढली का हे कुणी तपासत नाही.

वॉशिंग्टनमध्ये अडलं तेव्हा राज्यांनी आपापलं सुरू केलं. मिनेसोटाने २०२३ मध्ये कमी उत्पन्नाच्या घरांसाठी मुलामागे १,७५० डॉलरचं क्रेडिट आणलं, किमान कमाईची अट न ठेवता. मिशिगनमधल्या फ्लिंटमध्ये, जिथे नळाच्या पाण्यात शिसं आलं होतं, जानेवारी २०२४ पासून प्रत्येक गरोदर बाईला १,५०० डॉलर आणि बाळ जन्मल्यावर वर्षभर महिन्याला ५०० डॉलर मिळतात, उत्पन्न कितीही असो. तो कार्यक्रम आता राज्यातल्या इतर गावांत गेलाय, आणि त्याच्या सरकारी पैशाचा एक भाग येतो टॅनफच्या निधीतून, म्हणजे कामाची अट घालणाऱ्या १९९६ च्याच कायद्यातून.